जंगलाला कायदा आहे, पण गोयावला कोण अडवणार?

हे रोप बघा, जेमतेम गुडघ्याएवढं आहे पण उपटायला दोन्ही हात लागतायत. मॉरिशसमध्ये याला गोयाव म्हणतात, म्हणजे चायनीज पेरू. लालचुटुक बोराएवढी फळं, सीझनला लोक फॅमिलीसकट जंगलात येऊन पिशव्या भरून नेतात, मीठ-मिरची लावून खातात. माकडं, रानडुकरं, पक्षीसुद्धा खातात, आणि बी जंगलभर पोचतं.

मागे जो काळपट उभा बुंधा दिसतोय ना, तो एबनी, आपला आबनूस. 1638 मध्ये डच इथे राहायला आले ते या लाकडाच्या मागे, गाभा काळाकुळकुळीत, युरोपात मागणी प्रचंड. मग फ्रेंच आले आणि 1769 मध्ये पिएर प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्याने नियम आणला की प्रत्येकाने आपल्या जमिनीचा चौथा भाग जंगल म्हणून ठेवायचा, खास करून डोंगरउतारावर, कारण झाडं गेली तर पाऊस जाईल आणि माती वाहून जाईल. अडीचशे वर्षांपूर्वी! एवढ्याशा बेटावर एवढा लांबचा विचार झाला होता. पण इंग्रजांच्या काळात साखरेला भाव आला, जंगल तोडून ऊस लागला, त्या उसात राबायला कोकणातून आपली माणसंही आली, त्यांची नातवंडं-पतवंडं आज इथेच आहेत.

आता चांगलं मूळचं जंगल दोन टक्क्यांपेक्षाही कमी उरलंय. 1983 चा जंगल कायदा आहे, 1994 मध्ये ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे पहिलं नॅशनल पार्क झालं, साधारण साडेसहा हजार हेक्टरचं. कायद्याने कुऱ्हाड थांबवता येते हो, पण गोयावचं बी कसं थांबवणार? एबनीचं रोप उगवतं ते गोयावच्या दाट सावलीतच, आणि तिथेच मरतं. म्हणून आत काही तुकड्यांना हरणं-डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपण घातलंय आणि माणसं हातानं गोयाव काढतायत, तोडून भागत नाही, बुडातून परत फुटतो, आणि एकदा साफ केलं तरी काही वर्षांनी पुन्हा यावंच लागतं.

2015 च्या नव्या कायद्याने फळं खाणारी वटवाघळं मारायची वाटही मोकळी केली, त्यानंतर हजारो मारली गेली, आणि मूळच्या झाडांच्या बिया लांबवर नेतात ती हीच.

या कुंपणाच्या आत बघा. पालापाचोळ्यात, बोटाएवढी. मूळच्या झाडांची रोपं आहेत, आपोआप आलेली, कोणी लावलेली नाहीत.