घोडा दगावला? जेसीबी बोलवायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी! एंड्युरन्सच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, "ताई, घोडा गेल्यावर पीएम, म्हणजे शवविच्छेदन, करून काय मिळतं? तो काय परत येणार आहे?" आज त्यावरच बोलते.

एंड्युरन्स तुम्हाला माहीतच आहे. लांब पल्ल्याची दौड, मोठ्या स्पर्धेत १६० किलोमीटर, मध्ये व्हेट गेट म्हणजे पशुवैद्यांची तपासणी, हृदयाचे ठोके मिनिटाला ६४ वर उतरले तरच पुढे. झालं.

घोडा पडला की लोक लगेच म्हणतात, "हार्ट अटॅक आला." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. माणसासारख्या हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं घोड्यात फार क्वचित होतं. आतडं पिळलं, फुप्फुसात रक्तस्राव झाला, मोठी रक्तवाहिनी फुटली, काहीही असू शकतं. बाहेरून कुणाला कळणार?

आमची घोडी चांदणी. हिंगण्याकडे सरावाला नेली होती, वाटेत बसली ती उठलीच नाही. सगळे म्हणाले हार्ट अटॅक. संध्याकाळी खड्डा, मीठ, हार. मीही रडत माती लोटली. नवव्या दिवशी बादल गेला! या वेळी मी तासाभरात डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी हृदय उघडून दाखवलं, लाल स्नायूवर फिकट पांढुरके पट्टे. पोटातलं अन्न आणि पोत्यातली चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, तपासायला गेली. त्यात मोनेन्सिन निघालं. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते औषध, घोड्याला अगदी थोडंसंही जीवघेणं. जिथून चंदी घेत होतो, तिथं त्याच मशीनवर कोंबडीखाद्यही बनायचं.

आता नीट ऐका, लोक इथेच चुकतात. वेळ! "सकाळी बघू" म्हणू नका. दौडून तापलेलं चारशे किलोचं अंग, आतड्यात आंबणारा चारा, वर नागपूरचा मे महिना. जीव गेला तरी आंबणं थांबत नाही. बर्फाची लादी ठेवली तरी गारवा आत पोचत नाही.

उशीर झाला की पोट गॅसने फुगून जठर मेल्यानंतरही फाटतं. जिवंतपणी फाटलं असेल तर कडांना रक्त साकळलेलं असतं, नंतर फाटलं तर नसतं. सगळंच सडलं तर हा फरक डॉक्टर कुठे शोधणार?

आणि एक कमेंट होती, "अवयवाचा तुकडा फ्रीजरमध्ये ठेवला, चालेल ना?" सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असेल तर नाही चालत. गोठला की पेशी फुटतात. त्यासाठी सेंटिमीटरभर जाडीचा तुकडा, दहापट फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात. म्हणजे पुन्हा तेच, वेळेत फोन करा. सेमिनरी हिल्सला आपलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आधीच विचारून नंबर तबेल्याच्या दारावर लिहून ठेवा.

स्वतः मात्र सुरी लावू नका. नाकातोंडातून रक्त येत असेल तर अजिबातच नाही, काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते, ती माणसालाही होते. आधी रक्ताची तपासणी, मग डॉक्टर ठरवतील.

एक दादा लिहितात, "ही तर विटंबना आहे." दादा, तुमची माया कळते. मी तिथे उभी होते. डॉक्टरांनी सुरी घ्यायच्या आधी बादलच्या मानेवर हात ठेवला होता. मला नाही वाटली विटंबना.

कधी कधी चिरूनही काही सापडत नाही, कारण ठोक्यांची लय बिघडल्याची खूण मागे राहत नाही. तरी बाकीची कारणं बाद होतात.

ती चंदी आम्ही त्याच दिवशी बंद केली. उरलेले चौघं मागे आहेत, फुरफुरताहेत, आवाज येतोय ना?