आम्ही आता पोस्टच करत नाही

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाईटसाठी थोडं आवरून. मधले प्रश्न आणि काकांचे शेरे काढलेत.)

नमस्कार मंडळी. कमिटीने विषय दिला "तरुण पिढी आणि सोशल मीडिया", आणि वर एका काकांनी हळूच सांगितलं की तुझ्याच वयाची आहेस तर जरा सुनाव त्यांना. ते काही मी करणार नाहीये, कारण माझ्या वयाचे जे थोडेफार आलेत ते शेवटच्या रांगेत आहेत आणि फोनमध्ये आहेत, त्यांच्यापर्यंत माझा आवाज पोचायचा नाही. त्यापेक्षा मोठ्यांशीच बोलते. तुम्ही आम्हाला जे सल्ले देता ना, ते बरेचसे दहा-बारा वर्षांपूर्वीच्या फेसबुकसाठी आहेत.

म्हणजे बघा, सगळ्यात कॉमन सल्ला कुठला? "काय पोस्ट करतेस त्याचा विचार कर, उद्या नोकरी देणारे बघतील." एकदम मान्य, पण आम्ही पोस्ट करतोच कुठे? माझ्या वर्गातल्या कितीतरी जणांचं इन्स्टा प्रोफाइल जवळजवळ रिकामं आहे, दोन-तीन जुने फोटो, काहींचे तेही नाहीत, आणि तरी सगळे रोज तिथे पडीक असतात. करतात काय? बघतात. नुसतं बघतात.

हे एका दिवसात झालं नाही. फेसबुक २००४ ला आलं तेव्हा एकेकाच्या प्रोफाइलवर जाऊन बघावं लागायचं. २००६ मध्ये न्यूज फीड आलं आणि कोणी काय केलं ते आपोआप समोर यायला लागलं, तेव्हा लोक भयंकर चिडले होते, आपल्यावर पाळत ठेवतायत म्हणून. २००९ ला लाइक आलं. पण इथपर्यंत निदान समोर दिसणारी माणसं तरी ओळखीची होती. मग २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने फोटो वेळेच्या क्रमाने दाखवणं बंद करायला घेतलं, तुम्हाला जे आवडेल असं त्यांना वाटतं ते आधी. आणि टिकटॉकने तर मित्र ही अटच काढून टाकली! कोणालाही फॉलो केलं नाही तरी चालतं, तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती वेळ रेंगाळलात त्यावरून पुढचा व्हिडिओ ठरतो. भारतात जून २०२० च्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि जुलैमध्ये रील्स हजर, मग सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला.

आता हे मी म्हणतेय म्हणून सोडून देऊ नका, खुद्द कंपनीनेच कोर्टात हे सांगितलंय. अमेरिकेत फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटावर मक्तेदारीचा खटला चालू होता, त्यांचा बचाव असा की आम्ही मित्रांना जोडणारी कंपनी राहिलोच नाही, लोक आमच्याकडे व्हिडिओ बघायला येतात, म्हणजे आमची स्पर्धा टिकटॉक आणि यूट्यूबशी. तिथे आकडे आले की अमेरिकेतले लोक फेसबुकवरच्या वेळातला जेमतेम १७ टक्के आणि इन्स्टाग्रामवरचा ७ टक्के वेळ मित्रांनी टाकलेलं बघण्यात घालवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेटा तो खटला जिंकली. माझ्या मते या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक विधान तेच, आणि ते करायला त्यांना कोर्टात उभं करावं लागलं.

बरं, आम्ही पोस्ट करणं का सोडलं? लाजतो म्हणून नाही. अॅलिस मारविक आणि डॅना बॉइड या दोन संशोधकांनी २०१० च्या आसपास कॉन्टेक्स्ट कोलॅप्सबद्दल लिहिलं होतं. साधी गोष्ट आहे, आपण मित्रांशी वेगळं बोलतो, आजीशी वेगळं, सरांशी वेगळं, यात खोटेपणा काही नाही, जगभर माणसं असंच बोलतात. पण पब्लिक पोस्टवर हे सगळे एकाच खोलीत येऊन बसतात, शिवाय ज्यांना आपण ओळखतही नाही ते दारात उभे. मग सगळ्यांना चालेल असं एकच वाक्य उरतं, ते म्हणजे हॅपी बर्थडे. म्हणून मुलं गप्प झाली आणि छोट्या ग्रुपमध्ये, क्लोज फ्रेंड्समध्ये (म्हणजे इन्स्टावर निवडक मित्रांनाच दिसेल असं), डीएममध्ये म्हणजे खासगी मेसेजमध्ये शिफ्ट झाली. भांडणं, परीक्षेचं टेन्शन, फालतू जोक, एकमेकांना धीर देणं हे सगळं तिथे चालतं आणि ते तुम्हाला दिसत नाही, तुम्हाला फक्त खाली घातलेली मान दिसते. मान खाली घालून मुलगी मैत्रिणीशी बोलतेय की अनोळखी लोकांचे व्हिडिओ सरकवतेय हे बाहेरून कळत नाही, आणि घरातली निम्मी भांडणं याच्यावरूनच होतात असं माझं मत आहे.

त्या सरकवण्याबद्दल मात्र तुमची काळजी बरोबर आहे, शंभर टक्के. पान संपूच नये ही युक्ती अॅझा रॅस्किन या डिझायनरने २००६ मध्ये काढली आणि नंतर त्याने स्वतःच त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. पूर्वी पान संपायचं, पुढचं हवं तर क्लिक करावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा, ती फट बुजवली. त्यामुळे "तुला कंट्रोल नाही" असं म्हणण्यात फार अर्थ नाही, समोरच्या बाजूला हेच काम करणारी पगारी माणसं बसलीत.

आणि फट परत ठेवता येते बरं का, त्याचं उदाहरण तुमच्याच लाडक्या अॅपमध्ये आहे (आता काकूंनी रागावू नये). व्हॉट्सअॅपने आधी भारतात २०१८ ला आणि मग २०१९ पासून सगळीकडे एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि एप्रिल २०२० मध्ये ज्या मेसेजवर दोन बाण दिसतात, म्हणजे आधीच खूप फिरून आलेले, ते एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतील असं केलं. असे मेसेज त्यानंतर ७० टक्क्यांनी कमी झाले असं कंपनीने सांगितलं. माणसं तीच होती, फक्त एक बोट जास्त हलवावं लागायला लागलं.

आता ऑस्ट्रेलियाचा कायदा. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे १६ वर्षांखालच्यांना इन्स्टा, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर अकाउंट ठेवता येत नाही, दंड कंपन्यांना, मुलांना किंवा आईबाबांना नाही, आणि व्हॉट्सअॅप त्यातून वगळलंय. गप्पा आणि फीड वेगळे धरले हे मला फार आवडलं. पण बंदी अकाउंटवर आहे, लॉगइन न करता यूट्यूब बघायला आडकाठी नाही, म्हणजे तिथे बोलणं बंद आणि बघणं चालू! मी कायदा करणारी असते तर आधी आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ बंद केला असता. अर्थात मला कोण विचारतंय.

कमिटीला मात्र एक विनंती आहे. आजच्या कार्यक्रमाचे फोटो आपल्या ग्रुपवर खुशाल टाका, पण मंडळाच्या पब्लिक पेजवर नावानिशी टॅग करण्याआधी त्या त्या मुलाला विचारा, अगदी सात वर्षांचा असला तरी. नाही म्हणाला तर तो फोटो तिथे टाकू नका. आणि शेवटच्या रांगेतल्यांनो, हो, हे तुमच्यासाठीच मागितलंय.