एकदा स्नान, रोज पाय

श्रोतेहो, नमस्कार. मंडळीतल्या श्रोत्यांना जय ख्रिस्त.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की आपल्या नाशिकमधल्या बऱ्याच मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या तयारीचे वर्ग सुरू होतात. या वर्गांत दोन प्रश्न हमखास निघतात. एक असतो बाप्तिस्मा घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेल्यांचा. "पाळकसाहेब, पाण्यातून वर आलो तेव्हा आतबाहेर स्वच्छ झाल्यासारखं वाटलं. मग माझी जीभ अजून पूर्वीसारखीच कशी चालते? राग का जात नाही?" दुसरा असतो मंडळीतच जन्मलेल्यांचा. "मी तान्हा असताना डोक्यावर पाणी घातलं म्हणे. मला काही आठवत नाही. तो बाप्तिस्मा धरायचा, की आता कळत्या वयात पुन्हा घ्यायचा?"

प्रश्न दोन असले तरी शंका एकच आहे. एकदा धुतल्यानं भागतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. स्नान एकदाच. पाय मात्र रोज धुवावे लागतात.

हे माझ्या पदरचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय उघडून बघा. वल्हांडण या यहुदी सणाच्या आदल्या रात्री प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुवायला बसतो. पेत्र आधी पाय मागे घेतो. मग एकदम दुसऱ्या टोकाला जातो आणि म्हणतो, मग नुसते पायच का, हात आणि डोकंही धू. पेत्राचं सगळं असंच, कमी तरी नाही तर जास्त तरी. प्रभू त्याला सांगतो, ज्याचं स्नान झालंय त्याला पायांखेरीज काही धुवायची गरज नाही.

यहुदी माणसाला ही रीत ओळखीची होती. बायबलमधल्या निर्गमच्या पुस्तकात दर्शनमंडपाचं, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूचं, वर्णन आहे. अंगणात शिरलं की आधी होमवेदी, तिच्यापुढं पितळेचं गंगाळ आणि मग तंबू. आता गंगाळ म्हणजे काय, हे नाशिककरांना समजावत बसायला नको. तांबट आळीतले ठोके ऐकत वाढलेली माणसं आपण. पण ते गंगाळ मोडीच्या पितळेतून घडवलेलं नव्हतं. मंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांनी आपले आरसे दिले, त्यांतून ते घडलं. त्या काळी आरसे धातूचेच असत, घासून चकचकीत केलेले. आणखी एक गंमत बघा. वेदीचं माप हातांत दिलं आहे, पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. गंगाळाचं माप मात्र कुठंच दिलेलं नाही. काही उपदेशक त्यावरून फार मोठा अर्थ काढतात. मी काढत नाही, पण वाचताना तिथं थांबायला होतं खरं.

मोशेचा भाऊ अहरोन आणि त्याच्या मुलांना याजकपद, म्हणजे पुरोहितपद, दिलं, तेव्हा मोशेनं त्यांना स्नान घातलं. नेमणुकीचं ते स्नान एकदाच झालं, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. आपणही आपला बाप्तिस्मा स्वतःच्या हातानं उरकत नाही. त्यानंतर तंबूत शिरताना किंवा वेदीपाशी सेवेला जाताना दर खेपेला गंगाळापाशी थांबायचं आणि हातपाय धुवायचे. याजकांच्या पोशाखाची एवढी लांबलचक यादी दिली आहे, एफोद, झगा, कमरबंद, फेटा, पण तीत जोडे नाहीत. अनवाणी चालणाऱ्याचे पाय मळणारच. मळल्याबद्दल कुणाला शिक्षा नव्हती. मळलेल्या पायांनी तसंच आत जाणाऱ्याला मात्र मरणाची ताकीद होती.

आणि क्रम विसरू नका. आधी वेदी, मग गंगाळ. क्षमा आधी मिळते, धुणं तिच्यामागून येतं. आपल्याकडे किती माणसं सांगतात, "दारू सुटली की येतो देवळात." अहो, वेदी ओलांडून थेट गंगाळाकडे जायचा रस्ता त्या अंगणात नव्हताच.

शुद्ध होण्याच्या पायऱ्या मला सगळ्यांत नीट दिसतात त्या लेवीयच्या चौदाव्या अध्यायात. हा अध्याय आपण सहसा वाचत नाही. पक्षी, रक्त, दाढी, भुवया, सगळं विचित्र वाटतं. पण बरा झालेला कुष्ठरोगी वस्तीत परत कसा येतो, हे तिथं दिवसागणिक सांगितलं आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो स्वतः वस्तीत येऊ शकत नाही, याजक छावणीबाहेर त्याच्यापाशी जातो. दोन पक्षी आणतात. एकाला मातीच्या भांड्यात वाहत्या पाण्यावर मारतात. दुसऱ्या जिवंत पक्ष्याला त्या रक्तात बुडवतात, रोग्यावर सात वेळा शिंपडतात आणि तो पक्षी मोकळ्या रानात सोडून देतात. त्याच क्षणी याजक जाहीर करतो, हा माणूस शुद्ध आहे.

लक्षात घ्या, अजून त्यानं अंघोळही केलेली नाही. शुद्ध ठरला तो आधी. मग तो कपडे धुतो, अंगावरचे केस काढतो, स्नान करतो आणि छावणीत येतो. पण स्वतःच्या तंबूत त्याला अजून प्रवेश नाही. सात दिवस बाहेरच. सातव्या दिवशी पुन्हा मुंडण, डोकं, दाढी, भुवयासुद्धा, आणि पुन्हा स्नान. भुवया नसलेला माणूस छावणीत कुणाच्या नजरेतून सुटेल? आठव्या दिवशी अर्पण होतं. याजक रक्त घेऊन त्याच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावतो. मग त्याच तीन ठिकाणी, त्या रक्तावरच, तेल लावतो. उरलेलं तेल डोक्यावर. आणि ऐपत नसेल तर तीन कोकरांऐवजी एक कोकरू आणि दोन पारवे चालतात, हेही नियमातच लिहिलं आहे.

कुणी अडवेल की इथं स्नानं दोन झाली. झाली खरी. पण शुद्ध असल्याची घोषणा पहिल्या दिवसाचीच. पुढचे सात दिवस तो शुद्ध व्हायला धडपडत नव्हता, शुद्ध माणसासारखं राहायला शिकत होता. बाप्तिस्म्यानंतर राग का येतो, असं विचारणाऱ्या भावाला मी हाच अध्याय वाचायला देतो. तुझा दुसरा की तिसरा दिवस चालला असेल, बाबा. घोषणा झाली, हे विसरू नकोस, आणि कान, हात, पाय अजून तेलाला द्यायचे आहेत, हेही विसरू नकोस. काय ऐकतोस, हात कशाला घालतोस, पाय कुठं वळतात, एवढं पाहिलं तरी पवित्रीकरणाचा मोठा धडा होतो.

आता यार्देन नदीकडे येऊ. योहान बाप्तिस्मा करणारा पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता. लोकांनी त्याला विचारलं, आम्ही करायचं काय? त्यानं उपासतापास सांगितले नाहीत. लूकच्या तिसऱ्या अध्यायात उत्तरं आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्यानं एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये. शिपायांनी जुलूम करू नये, आपल्या पगारावर समाधान मानावं. ज्याची गफलत जिथं, त्याचा पश्चात्ताप तिथंच. तोच योहान लासलगावच्या कांद्याच्या लिलावाशेजारी उभा राहिला असता, तर वजनकाट्याबद्दल बोलला असता. कचेरीत आला असता, तर टेबलाखालच्या व्यवहाराबद्दल.

पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयी पौलानं रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात शब्द वापरला आहे तो पुरण्याचा. ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, नव्या जीवनात चालण्यासाठी. जुना माणूस दुरुस्त करून देतात, असं तिथं म्हटलेलं नाही. चौथ्या शतकात यरुशलेमच्या मंडळीत हे अंगानं करून दाखवायचे. बाप्तिस्मा घेणारा आधी पश्चिमेकडे, अंधाराच्या दिशेला तोंड करून, हात पुढं करून सैतानाला नाकारायचा. मग पूर्वेकडे वळून विश्वास कबूल करायचा. मग पाण्यात तीनदा.

गोदाकाठच्या माणसाला स्नानाचं मोल कुणी शिकवायला नको. पण बाप्तिस्म्यात अमुक नदीचंच पाणी हवं, अशी अट नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराच्या एका शिकवणुकीत सरळ सांगितलं आहे. वाहतं पाणी घ्या. ते नसेल तर दुसरं घ्या, गार नसेल तर कोमट चालेल, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. बुडवणं खरं की शिंपडणं, यावर आज आपण जेवढं भांडतो, तेवढी उसंत त्या मंडळीला नसावी.

काही सभांमध्ये पायऱ्यांचा तक्ता देतात. आधी पश्चात्ताप, मग पाणी, मग पवित्र आत्मा, मग अग्नी. शिकवायला सोयीचं आहे. पण प्रेषितांची कृत्ये वाचताना तो तक्ता हातातून निसटतो. शोमरोन प्रांतात लोकांनी पाणी घेतलं आणि पवित्र आत्मा नंतर मिळाला. कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्राचं भाषण संपायच्या आतच आत्मा उतरला, मग पाण्याची धावपळ झाली. आणि शोमरोनातलाच शिमोन जादूगार. त्याचा बाप्तिस्मा झाला, पण पुढं तो पैसे घेऊन आत्म्याचं सामर्थ्य विकत घ्यायला निघाला. पेत्रानं तोंडावर सांगितलं, तुझं अंतःकरण देवापुढं सरळ नाही. पाणी त्यालाही लागलं होतं.

मग तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याचं काय? १९७० साली वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा हा पेच समोर होता. एकत्र येणाऱ्यांत बालकांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्टही होते, देणारे अँग्लिकनही. तोडगा असा निघाला की बालकांचा बाप्तिस्मा आणि पुढं कळत्या वयात दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करणं, ही एक वाट. लहानपणी आशीर्वाद आणि विश्वास कबूल केल्यावर बाप्तिस्मा, ही दुसरी. दोन्ही मान्य, पण एकदा झालेला पुन्हा नाही. मला हे पटतं. तुम्हाला आठवत नाही म्हणून तो झालाच नाही, असं कसं म्हणता? जन्म तरी कुणाला आठवतो? ज्यांची शिकवण वेगळी आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही. माझ्याकडे येणाऱ्याला एवढंच सांगतो की तुला पाय धुवायची गरज वाटते आहे, आणि तू हौद शोधतो आहेस.

या सगळ्यात आपल्याच भागातली एक बाई मला आठवते. लक्ष्मीबाई टिळक. जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळे की बाजारातून आणलेलं धान्यही धुऊन घ्यायचं. त्या घरात वाढलेल्या मुलीच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली झाला. मधल्या काळात नवऱ्याच्या घरी राहूनही त्यांचं सोवळं चालूच होतं. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या मनानं घेतलं की जातिभेद माणसानं केलेत, देवानं नाही. आणि त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. पाण्यात उतरण्याआधीच केवढं धुणं उरकलं होतं बघा. तक्त्यात ही पायरी कुठं बसवणार?

शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. ती वस्ती १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवली. समुद्रावर गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं राहिली, लिहायला-वाचायला आणि हाताचे धंदे शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारले तेव्हा प्रार्थना वाचली ती त्यानं, आणि पुढल्या वर्षी लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांतही तो होता. बेड्या तुटल्या त्या एका दिवसात. मोकळा माणूस म्हणून उभं राहायला शरणपुरातली वर्षं लागली.

आता पायांकडे. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, कॅथलिक देवळांत आणि इतरही काही मंडळ्यांत बारा जणांचे पाय धुतात. कॅथलिकांत २०१६ पासून त्या बारांत स्त्रियांनाही अधिकृतपणे बसता येतं. बाकावर बारा जण ओळीनं, पुढं घमेलं, तांब्या, खांद्यावर टॉवेल. पण नीट पाहिलंत तर एक गोष्ट ध्यानात येईल. ज्यांची नावं त्या बारांत असतात ते घरूनच पाय साबणानं घासून येतात. नखं काढलेली, मोजे नवे. टाचांच्या भेगांना आदल्या रात्री व्हॅसलिन. धुणाऱ्याच्या घमेल्यातलं पाणी जसंच्या तसं नितळ राहतं. आपण कबुलीही अशीच देतो. "प्रभू, मी पापी आहे," हे सगळ्यांदेखत म्हणायला काही जात नाही. "मी धाकट्या भावाच्या वाट्याच्या कागदावर सही घेताना त्याला पूर्ण वाचू दिलं नाही," हे म्हणायला जीभ उचलत नाही.

प्रभूनं त्या रात्री धुतलेल्या पायांत त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. प्रभूला ठाऊक होतं, तरी त्यानं ते वगळले नाहीत. "तुम्ही शुद्ध आहात, पण सगळे नाही," असं तो म्हणाला तो याच्याचबद्दल. आणि पाय धुऊन झाल्यावर पुन्हा जागेवर बसून त्यानं शिष्यांना सांगितलं की आता तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा. म्हणजे रोजचं हे धुणं आपलं आपण न्हाणीत उरकायचं नाही, भावाच्या हातून करून घ्यायचं आहे. याकोबाच्या पत्रातही एकमेकांजवळ पापं कबूल करा, असंच आहे.

तेव्हा या पवित्र गुरुवारी देवळात निघण्याआधी एक काम करा. शेताच्या बांधावरून, घराच्या वाटणीवरून, नाहीतर गेल्या लग्नातल्या मानपानावरून ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या घरी जाऊन या. उपासना बहुतेक ठिकाणी संध्याकाळी असते. दुपार मोकळीच आहे.