एक पोतं साखर की साडेसात किलो मीठ?

[खळं, वरून. लाल सालं पसरलेली.]

मे महिना. सिंधुदुर्गातल्या या घराच्या खळ्यात सध्या पाय ठेवायला जागा नाही. ही रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरीही कितीतरी झाडांखाली फळ अजून तसंच कुजतं, नाहीतर मिळेल त्या भावाने टोपल्यांतून उचललं जातं.

घरच्या घरी कोकमाचा धंदा करायचा म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते सरबत. तिथेच थांबा आणि हिशेब मांडा. 50 किलो रातांब्यांची साल निघते साधारण निम्मी, 25 किलो. सरबताला सालीच्या दुप्पट साखर लागते. म्हणजे 50 किलो, एक आख्खं पोतं, आणि तेही एक बाटली विकली जायच्या आधी. तेवढ्याच रातांब्यांच्या आगळाला, म्हणजे मीठ घालून सोडवलेल्या रसाला, किलोमागे दीडशे ग्रॅम मीठ पुरतं. साडेसात किलो. हातात भांडवल कमी असेल तर पहिला हंगाम आगळाचाच करावा.

[हात, सुरी, पाटी.]

फळ पूर्ण लाल आणि झाडावरून काढलेलं हवं. खाली पडून फुटलेलं घेतलं तर फटीतली माती धुऊन जात नाही, आणि पुढे बुरशी धरते ती तिथूनच. धुतल्यावर कापडाने पुसून कोरडं करायचं. सुरी स्टेनलेस स्टीलची. ॲल्युमिनियमचा टोप घरात असला तरी तो नको, आंबटपणा धातूला खातो आणि चव बिघडते. हातमोजे घाला. बोटांवरचा रंग चार दिवस राहिला तर राहू दे, पण कापलेल्या जागी हा रस लागला की कळवळायला होतं.

कापलेली फळं आणि मीठ फूडग्रेड पिंपात थराथराने भरायची. दुसऱ्या दिवशीच रस सुटलेला दिसतो. मग रोज एकदा कोरड्या लाकडी उलथन्याने तळापासून हलवायचं, सात दिवस. हात मारायचा कंटाळा केला की वरचे तुकडे रसाबाहेर राहतात आणि त्यांच्यावर पांढरा थर येतो. मीठ वाचवलं तरी तेच होतं. आठव्या दिवशी मलमलच्या कापडातून गाळायचं. पिळायचं नाही, नाहीतर गर उतरतो आणि आगळ गढूळ दिसतं.

[बाटल्या.]

काचेची बाटली उकळून घेता येते. प्लॅस्टिकची उकळली तर आकसते. दोन्ही उन्हात खणखणीत वाळवा, आत पाण्याचा एक थेंबही चालत नाही. आणि भरलेल्या बाटल्या दुकानाच्या दारात उन्हात मांडू नका, महिन्याभरात लाल रंग विटकरी होतो.

[आमसुलं. रसात बुडवून पुन्हा चटईवर.]

आमसुलांचं काम वेगळं, आणि जास्त चिवट. इथे साल वेगळी काढतात. बिया आणि गराला मीठ लावून जो रस सुटतो त्यात साल बुडवायची, उन्हात टाकायची, सुकली की पुन्हा बुडवायची. याला पुट देणं म्हणतात. चार-पाच पुटं झाली की साल काळपट, मऊ आणि चिवट होते. एकच पुट देऊन वाळवलेलं आमसूल बोटांत मोडतं, गिऱ्हाईक ते हातात घेऊनच ओळखतं. विकायचा माल सारवलेल्या जमिनीवर वाळवू नका. चटईवर स्वच्छ कापड घाला, वर मच्छरदाणी ताणा.

वळवाचा पाऊस आला की आमसुलांचा घाणा जातो. म्हणून एका वेळी उन्हात टाकाल तेवढं घरात उचलता आलं पाहिजे.

कागदपत्रं थोडी. छोट्या उत्पादकाला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, साधी नोंदणी, वर्षाला 100 रुपये फी. उद्यम, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट, तिचे पैसे मागणाऱ्या साइट खऱ्या नव्हेत. लेबलवर घटक, निव्वळ वजन, तारीख, किंमत आणि 14 आकडी नोंदणी क्रमांक. टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट घातलं असेल तर तेही लिहायचं.

पहिलं गिऱ्हाईक मालवणी खानावळ. सोलकढी बारा महिने लागते, त्यामुळे खानावळ आगळाचा पाच लिटरचा कॅन घेते आणि बाटल्यांचा खर्च वाचतो. पैसे मात्र उशिरा येतात.

[बिया, उखळ, चूल.]

गाळून उरलेल्या बिया टाकू नका. धुऊन वाळवून डब्यात ठेवा. पावसात बाहेरचं काम थांबलं की त्या फोडायच्या, आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर जी साय येते ती गार झाल्यावर घट्ट होते. ती अशी मुठीत वळतात, म्हणून हिचं नाव मुठेल.

[मूठ उघडते. बोटांचे ठसे उमटलेला पांढरट गोळा.]