केळीच्या मर रोगाला तोंड देणारं वाण कसं घडतं

मंडळी, मर लागलेलं झाड कसं ओळखायचं, तिथून सुरुवात करू. खालची जुनी पानं कडेने पिवळी पडतात, देठात मोडून खोडाभोवती लोंबतात. बुंध्याशी खोड उभं चिरतं. ते विळ्याने आडवं कापलं की आत तांबूस-तपकिरी ठिपक्यांची कडी दिसतात. जमिनीतली फ्युजॅरियम बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते, आणि ठिबक चालू असताना झाड तहानेने मरतं. एकदा रोग आत शिरला की त्याला बरं करणारं औषध नाही. बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक दशकं जिवंत राहतात. म्हणून तर सगळी आशा वाणावर आहे.

मध्य अमेरिकेत या बुरशीच्या पहिल्या प्रकाराने ‘ग्रो मिशेल’ या निर्यातीच्या वाणाच्या बागा बसवल्या. १९६० च्या सुमारास तिथे त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं, कारण त्या प्रकाराला ते दाद देत नव्हतं. तुमचं ग्रँड नैन, म्हणजे जी-९, याच कॅव्हेंडिश कुळातलं. पण टीआर-४ हा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तैवानकडून पसरत तो २०१९ मध्ये कोलंबियात पोचला. आपल्याकडे बिहारच्या कटिहार-पूर्णिया भागात तो सापडला आहे. आणि जळगाव जिल्ह्यात आज बांधामागून बांध ओलांडा, बहुतेक एकच वाण उभं दिसतं. मला याची खरोखर काळजी वाटते.

मग संकर करून नवं वाण काढायला एवढा वेळ का? गव्हात, कापसात बी धरतं. जी-९ मध्ये गुणसूत्रांचे तीन संच आहेत, त्यामुळे बी जवळजवळ धरतच नाही. होंडुरासमधल्या ‘एफएचआयए’ संस्थेत हे काम कसं चालायचं बघा. झाड निसवलं, केळफुलाची पारी उचलली आणि खालची मादी फुलं उघडी पडली की रानकेळीचा पराग त्यांच्यावर हाताने लावायचा. रोज नवी फणी, रोज नवा पराग. घड पिकल्यावर सगळा गर चाळणीतून काढून बी शोधायचं. तिथे कॅव्हेंडिशच्या सुमारे २०,००० घडांतून जेमतेम २०० बिया मिळाल्या. त्यातल्याही फार थोड्यांत जिवंत गर्भ होता. तो प्रयोगशाळेत काढून वाढवायचा, आणि मग कुठे रोगट मातीत त्याची परीक्षा. एवढ्या कष्टातून आलेलं झाड तगलं, तरी चव, साल, टिकाऊपणा यांत नापास होऊ शकतं.

तैवानने वेगळी वाट धरली. टिश्यूकल्चरमध्ये, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत रोपं वाढवताना, काही रोपं मूळ झाडापेक्षा थोडी वेगळी निपजतात. एरवी आपण ती उपटून टाकतो. तिथल्या संशोधकांनी हजारो रोपं रोगट जमिनीत लावली आणि जी तगली ती निवडली. ‘फॉर्मोसाना’ तसंच आलं. त्याला पूर्ण प्रतिकार नाही, पण मर बरीच कमी लागते. माझ्या मते आपल्या भागाला ही वाट सर्वांत लवकर उपयोगी पडेल. त्रिचीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आणि तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र यांनी गॅमा किरणांनी ग्रँड नैनचं बुटकं वाण काढलंच आहे. तसेच बदल घडवून मर सोसणारी रोपंही शोधता येतील.

तिसरी वाट जनुकाची. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने आग्नेय आशियातल्या रानकेळीतलं ‘आरजीए-२’ हे जनुक ग्रँड नैनमध्ये घातलं. त्या वाणाला, क्यूकॅव्ह-४ ला, तिथे २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की हे जनुक आपल्या जी-९ मध्येही आधीपासून आहे, फक्त फार मंद चालतं. बाहेरून काही न आणता तेच जागं करायचा प्रयत्न आता सुरू आहे.

तोवर रोग असलेल्या भागातून मुनवे, म्हणजे लागवडीची पिल्लं, आणू नका. परगावचं रोटाव्हेटर बागेत घालण्याआधी त्याच्या पात्यांची माती बांधाबाहेर धुऊन घ्या.