नेयेडलीचे गोल चार की पाच? एकदाच नीट बघूया

नमस्कार मंडळी! १९३४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपवरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच वाद पेटलाय. निम्मे लोक म्हणतात, "ओल्द्रिख नेयेडलीचे गोल चार," निम्मे म्हणतात पाच. कुणी जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवतंय, कुणी फिफाच्या साइटचा स्क्रीनशॉट. मग म्हटलं, हा माणूस आहे कोण इथूनच घेऊ.

सुरुवातीचं भराभर सांगतो. जन्म २६ डिसेंबर १९०९, बोहेमियातलं झेब्राक गाव. तिथे खेळला, मग राकोव्निकला, आणि १९३१ मध्ये स्पार्टा प्राग. खेळायचा डावा इनसाइड फॉरवर्ड म्हणून, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या डाव्या हाताला. स्पार्टात त्याच्या शेजारी बेल्जियमचा रेमों ब्रेन. या संघाने लीग तर जिंकलीच, १९३५ मध्ये हंगेरीच्या फेरेन्त्सवारोश क्लबला हरवून मित्रोपा कपही नेला. त्या काळी मध्य युरोपातल्या क्लबांसाठी याच्यावरचा कप नव्हता. झालं, आता मुद्द्यावर येतो.

१९३४, इटली. सोळा संघ, पहिल्या मॅचपासून नॉकआउट. हरलात की सामान बांधा. नेयेडलीचा चेकोस्लोव्हाकिया ट्रिएस्टला रुमानियाविरुद्ध २-१ ने जिंकला, त्यात त्याचा एक. तुरिनला स्वित्झर्लंडविरुद्ध ३-२, स्कोअर २-२ असताना शेवटच्या दहा मिनिटांत विजयी गोल त्याचाच. आणि ३ जूनला रोममध्ये जर्मनीविरुद्ध सेमीफायनल, ३-१.

सगळी गोम या सेमीफायनलमध्ये आहे. २१ व्या मिनिटाला पहिला गोल नेयेडलीचा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. दुसऱ्या हाफमध्ये जर्मनीच्या नोआकने बरोबरी केली. त्यानंतर चेकोस्लोव्हाकियाने आणखी दोन मारले. जुन्या नोंदींमध्ये त्यातला एक चेकोस्लोव्हाकियाचाच हाफबॅक (मधल्या फळीतला) कर्चिलच्या नावावर आहे. म्हणून नेयेडली चारवर, आणि चारवर इटलीचा स्कियाव्हियो नि जर्मनीचा कोनेनही. टॉप स्कोअरर म्हणून तिघं बरोबरीत! जुनी पुस्तकं हेच छापत आली.

"गोल कुणी मारला हे दिसत नाही का?" असं एकाने विचारलंय. अहो, १९३४ ला जर्सीवर नंबर नव्हते. टीव्ही नाही, रिप्ले नाही. प्रेस बॉक्समधून अकरा सारखे शर्ट दिसतात. कोल्हापूरला शाहू स्टेडियममध्ये मॅच बघताना मी हे अनुभवलंय. गोलसमोर सहा-सात जण एकमेकांत अडकलेले, चिखल उडालेला, बॉल जाळ्यात. माझ्या डावीकडचे एक काका छातीठोकपणे एक नाव घेतायत, उजवीकडचा पोरगा दुसरं. दोघांनीही डोळ्यांनी बघितलेलं, आणि दोघंही शब्दावर ठाम. तिथे तर शर्टावर नंबर होते. मग रोममध्ये कागदावर चुकीचं नाव पडलं, तर त्या वार्ताहराला मी दोष देणार नाही.

माझा राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. नोव्हेंबर २००६ मध्ये फिफाने नोंदी तपासून तो गोल नेयेडलीला दिला. जर्मनीविरुद्ध हॅटट्रिक, एकूण पाच, आणि १९३४ चा टॉप स्कोअरर एकटा नेयेडली. त्याच फेरतपासणीत ब्राझीलच्या लेओनिदासचे १९३८ चे आठ गोल सात झाले, म्हणजे कुणावर मेहेरबानी करायला हे केलेलं नाही. तरीही आजच्या क्विझमध्ये, आजच्या पोस्टमध्ये "तिघं बरोबरीत" दिसतं. एक नोंद दुरुस्त झाली की जुनी पुढे ढकलत राहायची नाही, एवढी काळजी घ्यायला काय लागतं? माणूस ११ जून १९९० ला गेला. त्याचा हक्काचा गोल त्याला सोळा वर्षांनी मिळाला.

तुम्ही स्वतःही पडताळा. रुमानिया एक, स्वित्झर्लंड एक, जर्मनी तीन. फायनलमध्ये शून्य. तिथे पुचने चेकोस्लोव्हाकियाला पुढे नेलं होतं, इटलीच्या ओर्सीने बरोबरी केली आणि जादा वेळेत स्कियाव्हियोने कप इटलीला दिला. चार लिहायचे असतील तर जर्मनीविरुद्ध दोनच धरावे लागतात. "त्याला गोल्डन बूट मिळाला का?" असं विचारणाऱ्यांसाठी: नाही, सर्वाधिक गोलांचं ते बक्षीसच १९८२ पासून सुरू झालं.

१९३८ च्या वर्ल्ड कपबद्दल कमी लोक विचारतात, आणि मला तेच जास्त लागतं. फ्रान्समधल्या ल आव्रला नेदरलँड्सविरुद्ध जादा वेळेत एक गोल. मग १२ जून, बोर्दो, ब्राझील. तीन खेळाडू मैदानाबाहेर काढले गेले, इतकी ती मॅच दांडगाईची. नेयेडलीने पेनल्टीवर १-१ केलं. त्याच मॅचमध्ये त्याचा पाय मोडला, गोलकीपर प्लानिच्काचा हात मोडला. बदली खेळाडू नव्हतेच तेव्हा. प्लानिच्का तसाच खेळत राहिला. मॅच बरोबरीत सुटली म्हणून दोन दिवसांनी पुन्हा खेळवली, दोघंही नव्हते, ब्राझील २-१ ने जिंकलं.

वर्ल्ड कपच्या सहा मॅच, सात गोल, आणि सहापैकी पाच मॅचमध्ये गोल! कर्चिलवाली नोंद धरली तर साताचे सहाच गोल होतात, म्हणून मी एवढा भांडतोय.

आणि "१९३४ ला चेक संघात बिकान होता ना?" हे पुन्हा पुन्हा येतंय. नव्हता. योसेफ बिकान व्हिएन्नाचा, त्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रियाकडून खेळला आणि प्रागच्या स्लाव्हिया क्लबात आला १९३७ मध्ये. त्याच्यावर वेगळा व्हिडिओ करतोय, बिकानचे प्रश्न आता तिकडे टाका.