चुंबळीची नात

उन्हाळ्यात फ्रिजमधलं पाणी ग्लासात ओतलं की दोन मिनिटांत ग्लासाला घाम सुटतो, तो ओघळत खाली येतो आणि टेबलावर गोल उठतो. या व्हिडिओत दिसतंय ते आमचं टेबल. अकरा गोल आहेत, मी मोजलेत, आणि सगळे पांढरे. पांढरे आहेत म्हणजे वाचलो, ओल फक्त पॉलिशमध्ये अडकलीय. लाकडात उतरली की डाग काळा पडतो आणि मग सुताराला फोन करायला लागतो.

आधी हे असं नव्हतं हो. कपाखाली बशी असायची, सांडलं ते बशीत आणि बशीतलं पोटात. मग मग आले (हो, दोनदा मग), बशी गेली, आणि टेबलाची वाट लागली.

तर आईने ठरवलं कोस्टर शिवायचे, म्हणजे ग्लास-कपाखाली ठेवायचे कापडी चौकोन. आईला हा शब्द काय आवडत नाही, ती म्हणते ही चुंबळच आहे की. जुनं लुगडं पिळून गोल गुंडाळायचं, डोक्यावर ठेवायचं, वर घागर. घरातही गोल बुडाचं भांडं गडगडू नये म्हणून खाली तीच. गंमत म्हणजे विलायतेत नेमकं उलटं, तिकडे 18व्या शतकात जेवणं झाली की वाइनची बाटली चांदीच्या तबकडीत ठेवून टेबलावरून एकमेकांकडे सरकवायचे, त्या सरकण्यावरून कोस्टर नाव पडलं. आपली चुंबळ भांडं हलू नये म्हणून, त्यांचा कोस्टर बाटली फिरावी म्हणून. पाणी शोषायचं काम नंतर आलं, 1892 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या रॉबर्ट स्पुटने लाकडाच्या लगद्याची चकती काढली, बिअरच्या ग्लासाखाली ठेवायची.

आता कापड. ते विकत आणायचा प्रश्नच नाही, कारण प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात ओटीत आलेल्या ब्लाऊजपीसचा गठ्ठा असतो. तो कुणी शिवत नाही, तो फक्त या ओटीतून त्या ओटीत फिरतो. एक 80 सेंटीमीटरचा पीस, पन्हा म्हणजे रुंदी 36 इंच, त्यात 5 इंची 42 चौकोन बसतात, म्हणजे वरची-खालची बाजू धरून 21 कोस्टर. एका पीसमध्ये! आई म्हणाली, एवढे पाहुणे कधी येतात आपल्याकडे.

मला हवा होता खण. गुळेदगुड्डचा, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला, बारीक बुट्ट्या आणि काठ, दिसतो काय भारी. आईने सरळ नाही सांगितलं. एक तर कडेचे धागे सुटत बसतात, आणि आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा असेल तर पाणी पीतच नाही, थेंब वरच्यावर बसून राहतो. तरी मी हट्टाने एक शिवला, लाल, आणि त्याने पांढऱ्या टेबलक्लॉथवर कुंकू सांडल्यासारखा रंग सोडला. तेव्हा कापायच्या आधी पांढरं फडकं ओलं करून कापडावर घासून बघा, नाहीतर माझ्यासारखं होईल.

शेवटी वर जुनी सुती साडी, धुऊन धुऊन मऊ झालेली, जेवढी आटायची तेवढी आटून बसलेली. नवं सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात वाकडं होतं. खाली पीस. आणि मध्ये? माझ्या मते खरा कोस्टर म्हणजे हे मधलंच, वरचं नुसतं तोंड. आम्ही आधी टेलरकडचा पातळ फोम घातला, तो फुगला छान, पण त्यावर चहाचा मग डुगडुगायला लागला आणि इस्त्री जरा गरम लागली तर फोम आक्रसून चिकटला. मग जुन्या टर्किश टॉवेलचा तुकडा घातला, एकच थर. तो पाणी पितो. विषय संपला.

आता बघा, कॅमेरा जवळ नेतो. सुलट बाजू सुलट बाजूला लावलीय, वर टॉवेल, चारही कडांनी पाव इंच सोडून टीप, एका बाजूला दोन इंच तोंड उघडं. टॉवेल जाड असल्यामुळे सुई 16 नंबरची. आणि हा क्षण, कोपरा. आई कातरीने कोपऱ्याचं टोक तिरकं छाटते, टिपेच्या अगदी जवळून पण टीप न कापता, जेमतेम एक दोरा सोडून. मी हे केलंच नव्हतं, म्हणून माझे कोपरे उलटवल्यावर आत कापड गोळा होऊन मोदकासारखे फुगले. उलटवल्यावर ती आतून बोथट पेन्सिल घालते आणि हळूच ढकलते, जोर लावला की पेन्सिल बाहेर. हे बघा, निघाला. टोकदार.

मग इस्त्री, उघडं तोंड आत दुमडायचं, कडेने पुन्हा टीप, त्यातच तोंड बंद होतं. तयार चौकोन साडेचार इंचाचा, मगाचं बूड आरामात बसतं.

वरून आडव्या टिपा मशीनवर मारता येतात, पण आईने इथे मशीन बाजूला सारली आणि सुई घेतली. धावदोरा, गोधडीसारखा, कडेपासून आत आत, चौकोनात चौकोन. थर सरकत नाहीत, आणि वर जे खाचखळगे होतात त्यामुळे ओल्या ग्लासाला कोस्टर चिकटून वर येत नाही, गुळगुळीत पुठ्ठ्याचा येतो आणि मांडीवर पडतो. एकाला वीस मिनिटं लागली. मी म्हटलं आई मशीनवर मार ना, तर म्हणाली, खालच्या दोऱ्याची बॉबीन संपलीय, आणि तुला भरता येत नाही.

खरंय, येत नाही.

सहा झाले. पाच टेबलावर. मी शिवलेला तो सहावा, मोदकाच्या कोपऱ्यांचा, स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीखाली गेलाय.